फळ्यावरचा शुक्रवार

सोमवार, मे महिन्याचा तिसरा आठवडा. हजर: माझे भावोजी, माझी ताई, मी, शिवाय सकाळी साडेसात ते पावणेआठ, एक पाय जमिनीवर आणि एक पेडलवर ठेवून, पाव विकणारा पोदेर. गैरहजर: दीक्षा.

डिचोलीच्या एका हायस्कुलात मी हेडक्लार्क आहे. हजेरी मांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, मग ती उन्हाळ्याची सुट्टी का असेना. दर वर्षी मे महिन्यात मी पुरुमेंताची यादी घेऊन पेडण्याकडच्या गावात ताईच्या घरी दोन दिवस राहायला जाते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची ही बेगमी. सुके बांगडे, कोकमाची सोलं, मिरच्या, चिंच आणि भावोजींच्या घाण्यावरचं खोबरेल, असा क्रम ठरलेला. यादीतल्या प्रत्येक वस्तूवर बरोबरची खूण पडली की मी परतीची बस पकडते. या वर्षी एक खूण पडली नाही. ती का, ते सांगायला भावोजींपासूनच सुरुवात करावी लागेल.

कच्च्या तेलाच्या भावावर जगात पुष्कळ माणसं जगतात आणि पुष्कळ बुडतात. पण आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तसा रोज सकाळी उठून त्या भावाला हात लावून बघणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो पेडणे तालुक्यात खोबरेल काढतो. भावोजींच्या घाण्याबाहेर एक काळा फळा टांगलेला आहे. दुसऱ्या कुणाच्या घाण्यावर असता तर त्यावर खोबऱ्याचा भाव दिसला असता. इथे खोबऱ्याचा भाव विचारून घ्यावा लागतो. फळ्यावर असतात ब्रेंट, ओमान, दुबई आणि अमेरिकेचं डब्ल्यूटीआय, बॅरलला किती डॉलर, दोन दशांश स्थळांपर्यंत. आणि पुढे बाण. खाली जाणारा बाण पांढऱ्या खडूचा, वर जाणारा लाल. दुबईची जागा सकाळी रिकामी असते, कारण तो आकडा दुपारी जेवणानंतर कळतो. भावोजी भिंतीला टेकून त्याची वाट बघत बसतात. येणाऱ्या जावयाची वाट बघावी, पण तो जावई फारसा आवडता नसावा, असा चेहरा असतो तेव्हा.

मी एकदा मूर्खासारखं विचारलं होतं, की तेल ते तेल, त्याला चार नावं कशाला? भावोजींनी घाणा थांबवला. दोन वाट्या आणल्या. एकीत कडकडीत उन्हात वाळवलेल्या खोबऱ्याचं तेल, दुसरीत ढगाळ दिवसांत सादळलेल्या खोबऱ्याचं. "चाख," म्हणाले. मी चाखलं आणि दुसऱ्या वाटीला तोंड वाकडं केलं. "आता कळला? खोबरा तां खोबराच, पण तोंड वाकडा झालाच ना? तसाच तां. गोडा म्हणजे साखर घातलेला न्हय. गंधक कमी, तां गोडा. गंधक जास्त, तां आंबट. पातळ तां हलका, दाट तां जड. ब्रेंट हलका आणि गोडा. दुबई, ओमान जरा जड, जरा आंबट. आणि जगातल्या सगळ्या तेलांचो भाव ह्या दोन-चार जणांकडे बोट दाखवून ठरता. ब्रेंटापेक्षा अमकी कमी, दुबईपेक्षा तमकी जास्त." आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मला कधी इतकं चांगलं शिकवलं नसतं.

पण अडचण अशी, की हे वर्गीकरण तेलापाशी थांबलं नाही. भावोजी माणसांचेही दर्जे लावायला लागले. पोदेर म्हणजे डब्ल्यूटीआय: हलका, गोड, पण यायला उशीर करणार. माझे यजमान म्हणजे परदेशातलं कुठलंसं डांबरासारखं तेल, तापवल्याशिवाय वाहतच नाही (हे खरं आहे). मला त्यांनी ओमान ठरवलं. "मध्यम जड, थोडी आंबट, पण ठरल्या दिवशी पोचणार म्हणजे पोचणार." मी आठवडाभर रुसले होते, मग मोजून पाहिलं तर तिन्ही गोष्टी बरोबर निघाल्या. ताईबद्दल मात्र त्यांनी एकदाच सांगितलं, तेही ती विहिरीवर गेलेली असताना. "ह्या घरातलो ब्रेंट तीच. ती सकाळी कशी उठता, त्याच्यार आमच्या सगळ्यांचो दिवसाचो भाव."

फळ्यावर खोटं लिहायचं नाही, हा त्यांचा सोवळ्यासारखा नियम. एका व्यापाऱ्याने कधीतरी सुचवलं होतं, की फळा टांगलाच आहे तर त्यावर खोबऱ्याचा भाव दोन रुपये कमी लिहा, म्हणजे गावचे लोक आपलं खोबरं स्वस्तात घालतील. भावोजींनी त्याला चहा पाजला, लाडू दिला आणि परत या बाजूला फिरकू नको म्हणून सांगितलं. "फळ्यार खोटा लिवला की घाण्यातला तेल खवट जाता," असं ते म्हणतात, आणि हे ते शास्त्र म्हणून म्हणतात.

या खरेपणाने गावाची एकदा जी धांदल उडवली ती मी स्वतः पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी, याच पुरुमेंताच्या दिवसांत, फळ्यावर लाल बाण उमटला. रोजचा बाण बोटाएवढा असतो. त्या दिवशीचा फळ्याच्या खालच्या चौकटीपासून निघून वरच्या चौकटीच्या बाहेर भिंतीवर गेला होता. पोदेर आला, बघितलं, आणि त्या दिवशी त्याने पावांपेक्षा ती बातमीच जास्त घरांत पोचवली. दहा वाजेपर्यंत अर्धा वाडा पेट्रोलपंपावर. कुणी कॅन घेऊन, कुणी कळशी घेऊन. एक म्हातारा तर मुंज झाल्यापासून चालतच फिरलेला, तोही रांगेत. पंपावर दर एका पैशाने वाढला नव्हता. लोक भरलेल्या कॅनसकट घाण्यावर आले आणि त्यांनी भावोजींना बोल लावले. "काका, तुमचो बाण आमच्या बोच्याक लागलो!" असं पोदेर म्हणाला आणि सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. ते कुणाचं ऐकतच नव्हते. हातातला फोन ते असा धरून बसले होते, की जणू तो पाण्याने काठोकाठ भरलेला आहे आणि हलला तर सांडेल.

गावच्या वार्षिक गाऱ्हाण्याच्या वेळचीही एक गोष्ट आहे. देवापुढे नारळ ठेवून जो तो आपली मागणी सांगतो: कुणाला नोकरी, कुणाला सून, कुणाची म्हैस दूध देत नाही. भावोजींचा नारळ आला तेव्हा गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराच्या कानाशी ते दोन मिनिटं कुजबुजले. गावकराने घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान जो काय नारळ ठेवलो आसा, त्याचो जो काय ब्रेंट वर चडलो आसा, तो खाली उतरव रे म्हाराजा!" आणि सबंध गाव एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" डिझेल स्वस्त व्हायला कुणाचीच हरकत नव्हती. मी हसू आवरायला पदर तोंडाला लावला. ताईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की निळी खूण चार दिवस राहिली. तेव्हा मला वाटलं, देवळात हसले म्हणून.

आता माझ्यासारख्या बाईच्या नजरेतून एक साधी गोष्ट कशी सुटावी? भावोजींचा घाणा विजेवर चालतो. त्यांच्याकडे मोटार नाही, स्कूटर नाही. जी सायकल आहे तिच्या साखळीला ते घाण्यातलंच खोबरेल लावतात. एक थेंब डिझेल न लागणारा हा माणूस ब्रेंटपायी का वाळतो, हा प्रश्न माझ्या वहीत कधीच आला नाही. वही मात्र माझ्यापेक्षा हुशार होती. चार वर्षांपूर्वीच्या पुरुमेंताच्या पानावर माझ्याच अक्षरात दोन नोंदी आहेत. एक: "दीक्षा जहाजावर रुजू. तेलवाहू. ताईला धीर दिला." दुसरी, तिच्या खाली: "भावोजींनी घाण्यावर फळा लावला. कारण विचारणे." कारण मी विचारलं नव्हतं.

दीक्षा ही त्यांची एकुलती एक. आमच्याकडून तारवावर जाणं नवीन नाही. घराघरातला एखादा काका, मामा बोटीवर असतोच. पण मुलगी गेली, तीही अधिकारी म्हणून आणि तेही कच्चं तेल वाहणाऱ्या जहाजावर, तेव्हा वाड्यावर पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. "बाप खोबरेल काडता, चेडू ढवळ्या तेलाच्या जाग्यार काळा तेल व्हावता," असं कुणी म्हणालं, तर भावोजींनी ते अभिमानाने दहा जणांना सांगितलं होतं.

काल, रविवारी संध्याकाळी, तेलाचे डबे मोजायला मी घाण्यावर गेले. यादीप्रमाणे पाच डबे. भावोजी फळ्यासमोर बसले होते. फळ्यावर शुक्रवारचा भाव, कारण शनिवार-रविवार जगाचा तेलबाजार बंद असतो.

"आयतवार माका सोसत नाय, सुलू," ते म्हणाले. "बाजार बंद. आयतवारी मी आंधळो."

मी म्हटलं, "भावोजी, एक दिवस भाव कळलो नाय तर खोबरा काय रडता?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. ताई अंगणात वाळत घातलेली सोलं गोळा करत होती. मग त्यांनी आवाज इतका खाली आणला, की मला वाकावं लागलं. दीक्षाचं जहाज रिकामं आहे आणि आज-उद्या ते होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातून आत आखातात शिरणार आहे, तेल भरायला. तिथलं वातावरण सध्या बरं नाही. दोन दिवस फोन नाही, मेसेज नाही, असं तिने कळवलंय. ताईला त्यांनी सांगितलंय, की जहाज सिंगापूरला दुरुस्तीत आहे.

"नकाशार दिसता ना आता जहाज? फोनार?" मी विचारलं. मला उपाय सुचवल्याशिवाय राहवत नाही.

"दिसता. मागच्या खेपेक कसा दिसला म्हायत आसा? वाळवंटात. समुद्रापासून कोसभर आत, रेतीत उभा. थय कोणतरी जागा दाखवणाऱ्या यंत्रांका फसयता म्हणतत. माज्या चेडवाचा जहाज मी चार तास वाळवंटात बघलंय, सुलू. त्याच्या आदी मी नकाशार विश्वास ठेवी होतंय." त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "बातमी मागसून येता. भाव आदी येता. थय समुद्रार खुट्ट झाला तरी पयलो बाजार दचकता, मागीर टीव्हीवाले. म्हणान मी रोज सकाळी बघतंय. खाली असलो तर माझा चेडू बरा आसा. वर गेलो तर..." 

भिंतीवर गेलेला तो लाल बाण मला आठवला. कळश्या घेऊन रांगेत उभा राहिलेला गाव आठवला, व्हय म्हाराजा आठवलं. मी पाच डबे तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे आले.

आज सकाळी मी उठले तेव्हा भावोजी फळ्यासमोर उभे होते, हातात खडू. मी माझ्या फोनवर बघितलं. कसा बघायचा ते त्यांनीच मला मागे शिकवलं होतं. बाजार उघडला होता आणि ब्रेंट चार डॉलरने वर होता.  मी भावोजींच्या हाताकडे पाहत राहिले. लाल खडू उचलतील म्हणून. त्यांनी पांढरा उचलला. शुक्रवारचा आकडा पुसला आणि त्याच जागी, तोच आकडा, दशांशासकट, पुन्हा लिहिला. ओमानचं तसंच. बाण काढला नाही. मग खडूची बोटं लेंग्याला पुसून ते घाण्यात गेले आणि त्यांनी यंत्र सुरू केलं. आत खोबरं घातलेलंच नव्हतं. रिकामा घाणा अर्धा तास फिरत होता.

पोदेर आला. पों पों करून सायकल थांबवली. "काय गे मावशे, पुरुमेंत झाला? काका, आज बाण वयर काय सकयल?" त्याने फळा वाचला. "आरे व्वा! शुक्रवाराचोच भाव. बरा आसा, काका! आज पंपार जावक नाका!" आत घाणा रिकामाच फिरत होता. मी पावाचे उंडे घेतले, दहाच्या जागी चौदा. तो गेल्यावर ताई केरसुणी घेऊन बाहेर आली, फळ्यासमोर उभी राहिली, एकदा वाचलं, आणि फळ्याखालची जागा झाडली. ती आधीच झाडलेली होती.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. ती नारळ खवत होती, मी माझ्या यादीकडे बघत होते, कारण तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

"किती वर गेलो?" ताईने विचारलं.

मी म्हटलं, "काय ता?"

"सुलू, तू शाळेत पोरांका फसय. ब्रेंट म्हणजे काय तां माका म्हायत नाय. पण सोमवारी तो कदी शुक्रवाराचोच नसता. चार वर्सां मी फळ्याखाली झाडतंय."

"चार डॉलर," मी म्हणाले.

तिचा खवणीवरचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. "आणि माका सिंगापूर सांगलेला आसा. सिंगापुराक जहाज दुरुस्तीक गेला तर माणूस भात सोडता? ते तेलाचो भाव बघतत, मी त्यांच्या ताटातलो भात बघतंय. शनवारी एक वाढ घेतली. आयतवारी तीय नाय."

"मगे तू त्यांका सांगणस कित्याक नाय, तुका सगळा म्हायत आसा म्हणान?"

"सांगलंय तर त्यांका दोगांचा भय सांबाळूचा पडतला," ताई म्हणाली. "आता एकाचाच आसा."

त्यानंतरचे तास मी वहीत लिहिलेले नाहीत. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं आणि जे घडू शकत होतं ते लिहायचं नव्हतं. मी मिरच्यांचे देठ काढले. सुके बांगडे मोजून कागदात बांधले. टीव्ही कुणी लावला नाही. भावोजी दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला येत होते आणि न पिता तांब्या ठेवून जात होते. एकदा बाहेर रस्त्यावर टायर फुटला तेव्हा आम्ही तिघंही तीन दारांत येऊन उभे राहिलो, आणि एकमेकांना बघून जो तो काहीतरी काम आठवल्यासारखा परत फिरला.

जेवायला दोन वाजले. ताईने तीन पानं घेतली. माशाचं हुमण होतं, सोलकढी होती, भावोजींच्या ताटात भाताची एक लहान मूद होती आणि ते तिला बोटांनी चौकोनी आकार देत होते. फोन पाटाशेजारी उताणा. तो थरथरला. भावोजींनी वाचलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. ताई बघत नव्हती, ती ताट बघत होती. त्यांनी फोन पालथा घातला. मूद मोडली, हुमण कालवलं, चार घासांत संपवली, आणि कुणाकडेही न पाहता म्हणाले, "भात वाढ गो."

ताईने वाढला.

"आणखी."

ताईने आणखी वाढला. तिसऱ्या वेळी तिने विचारलंही नाही. भाताचं भांडं घेऊन ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आतून फक्त नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. भावोजी मला म्हणाले, "सुलू, आज हुमण बरा झालासा." मी म्हटलं, "व्हय." माझ्या ताटात हुमण मी अजून घेतलंच नव्हतं.

तीनच्या बससाठी मी डबे घेऊन निघाले तेव्हा ते फळ्यापर्यंत पोचवायला आले. फोन उघडून मला दाखवला. चारच शब्द होते: पोचले आत. बरी आहे.

"हा झाला अर्धा," ते म्हणाले. "रिकामा जहाज आत गेला. भरलेला भायर येवचा आसा. चार-पाच दीस." मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला ते म्हातारे वाटले. "फळ्यार मी आज खोटा लिवलंय, सुलू. तू शाळेतली, तुझा अक्षर बरा. खरो भाव तू लिही. माज्या हातान जावचा नाय." त्यांनी लाल खडू माझ्या हातात ठेवला.

मी डबे खाली ठेवले. फडका घेतला. तेवढ्यात दारातून ताईचा आवाज आला, "गो सुलू, फळो आज पुसू नको. ओलो आसा."

मे महिन्याचं ऊन सरळ फळ्यावर पडलं होतं. त्यावर पापड वाळले असते. भावोजींनी फळ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई त्यांच्याकडे बघत होती.  मग भावोजी सावकाश म्हणाले, "व्हय गो. ओलोच आसा."

मी फडका खुंटीला अडकवला आणि बस पकडली. आता घरी येऊन यादी पूर्ण करते आहे. सुके बांगडे, झाले. सोलं, झाली. मिरच्या, चिंच, झालं. खोबरेल पाच डबे; पुन्हा मोजले, पाचच आहेत. लाल खडू माझ्या पर्समध्येच राहिला आहे. सगळ्यात खाली, बसमध्ये लिहिल्यामुळे वाकडी आलेली, एक ओळ आहे: "फळ्यावर खरा भाव लिहिणे." तिच्यापुढची जागा कोरी आहे.